लॉस एंजेलिसचा करसल्लागार आणि अठरा महिन्यांची अट

जुलै २००२ मध्ये लॉस एंजेलिसमधले सीपीए, म्हणजे तिथले सनदी लेखापाल, रेमंड एडवर्ड्‌स यांच्यापुढे दोन कागद आले. पहिला होता एचएसबीसी बँकेच्या नव्या उपकंपनीकडून आलेला नोकरीचा देकार. त्यावर त्यांनी सही केली. दुसरा कागद ते साडेपाच वर्षं जिथे काम करत होते त्या आर्थर अँडरसन या फर्मने पुढे केला होता. त्यावर सही करायला त्यांनी नकार दिला. या नकारापायी असलेली नोकरी गेली आणि ठरलेली नोकरीही गेली. सहा वर्षांनी, ७ ऑगस्ट २००८ रोजी, कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या खटल्यात जो निकाल दिला, तो आज त्या राज्यात नोकरी बदलणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीशी उभा आहे.

‘कॅलिफोर्नियात नॉन-कॉम्पिट (नोकरी सोडल्यावर जुन्या मालकाशी स्पर्धा न करण्याची अट) चालत नाही’ एवढं अनेकांना ठाऊक असतं. ते खरंही आहे. पण एडवर्ड्‌स यांचं प्रकरण तेवढ्यावर संपत नाही. न्यायालयात न टिकणारी अटसुद्धा नोकरदाराला घाबरवायचं काम चोख करते, आणि त्यातून सुटका देण्याच्या बदल्यात मालक भलतंच काही पदरात पाडून घेऊ शकतो. माझ्या मते या खटल्याचा गाभा त्या सौद्यात आहे.

१९९७ ची सही

एडवर्ड्‌स जानेवारी १९९७ मध्ये अँडरसनच्या लॉस एंजेलिस कार्यालयात टॅक्स मॅनेजर म्हणून रुजू झाले. करारावर सही केल्याशिवाय नोकरी मिळणार नव्हती. करारात तीन बंधनं होती. फर्म सोडण्याआधीच्या अठरा महिन्यांत ज्या क्लायंटचं काम त्यांनी केलं असेल, त्यांचं तशाच प्रकारचं काम फर्म सोडल्यावर अठरा महिने करायचं नाही. त्यांच्या कार्यालयाच्या कुठल्याही क्लायंटला बारा महिने आपल्याकडे ओढायचं नाही. आणि फर्ममधल्या सहकाऱ्यांना अठरा महिने फोडायचं नाही.

वरवर पाहता हे फार जाचक वाटत नाही. ‘हा व्यवसायच करू नका’ असं कुठे म्हटलेलं नव्हतं. दुसरे क्लायंट शोधा आणि खुशाल काम करा, असाच त्याचा अर्थ. अँडरसनच्या वकिलांनी पुढे नेमका हाच युक्तिवाद केला. पण एडवर्ड्‌स फर्मच्या खासगी क्लायंट विभागात गेले होते. मोठं उत्पन्न आणि मोठी मालमत्ता असलेल्या व्यक्तींचा आयकर, भेटवस्तूंवरचा कर आणि वारसा-मालमत्तेवरचा कर यांचं नियोजन हे त्यांचं काम. अशा सल्लागाराची खरी पुंजी म्हणजे त्याच्यावर विश्वास टाकणारी माणसं. कोणाची कोणती मालमत्ता कुठल्या ट्रस्टमध्ये आहे, कोणत्या मुलाला काय द्यायचं आहे, मागच्या वर्षी कोणत्या नोंदीवरून आयआरएसने (अमेरिकेच्या आयकर खात्याने) पत्र पाठवलं, हे सगळं त्याला माहीत असतं. अठरा महिन्यांत कर भरण्याचा एक हंगाम हमखास जातो, कधी दोन जातात. तेवढ्या काळात क्लायंट दुसऱ्याकडे जातो आणि बहुधा तिथेच रुळतो. म्हणून कागदावर अरुंद दिसणारं बंधन प्रत्यक्षात सगळी कमाईची वाट अडवू शकतं.

पुढच्या पाच वर्षांत एडवर्ड्‌स सीनिअर मॅनेजर झाले. भागीदार होण्याच्या मार्गावर होते.

फर्म बुडाली, अट तरंगत राहिली

मार्च २००२ मध्ये एन्रॉन प्रकरणात अमेरिकन सरकारने अँडरसनवर फौजदारी आरोप ठेवले. (एन्रॉन म्हणजे आपल्या दाभोळ प्रकल्पातलीच ती कंपनी.) जगातल्या पाच बड्या अकाउंटिंग फर्मपैकी एक असलेली ही संस्था काही महिन्यांत मोडीत निघाली. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्यावरची दोषसिद्धी रद्द केली, पण तोवर वाचवण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं.

एप्रिल २००२ पासून अँडरसनने आपले विभाग तुकड्यातुकड्यांनी विकायला सुरुवात केली. मे महिन्यात जाहीर झालं, की करविभागाचा काही भाग एचएसबीसी यूएसए आपल्या ‘वेल्थ अँड टॅक्स अ‍ॅडव्हायझरी सर्व्हिसेस’ या नव्या उपकंपनीमार्फत घेणार. त्यात एडवर्ड्‌स यांचा गट होता. जुलैमध्ये त्यांना देकार आला. पण एचएसबीसीची एक अट होती. ज्यांना नोकरीवर घ्यायचं त्या प्रत्येकाने अँडरसनशी ‘नॉन-कॉम्पिट समाप्ती करार’ केलेला असला पाहिजे. म्हणजे जुन्या बंधनातून तो मोकळा झाल्याचा कागद हातात हवा.

या समाप्ती करारात काय होतं ते नीट पाहण्यासारखं आहे. कर्मचाऱ्याने स्वतःहून राजीनामा द्यायचा. अँडरसनविरुद्धचे ‘कोणतेही आणि सर्व’ दावे सोडून द्यायचे. गोपनीय माहिती कायमची जपायची. फर्मबद्दल वाईट बोलायचं नाही. चौकशा आणि खटल्यांमध्ये फर्मला सहकार्य करायचं. एवढ्याच्या बदल्यात अँडरसन राजीनामा स्वीकारणार आणि १९९७ च्या नॉन-कॉम्पिटमधून मोकळं करणार. जो सही करणार नाही त्याला मोकळं करायचं नाही, हे धोरण सर्वांसाठी सारखंच होतं.

इथे थांबून विचार करावा. नॉन-कॉम्पिटचं समर्थन एरवी असं केलं जातं, की मालकाने क्लायंट जोडले, नोकर शिकवले, त्यांचं रक्षण व्हायला नको का? २००२ च्या उन्हाळ्यात अँडरसनकडे जपायला क्लायंट उरलेले नव्हते, विभागच विकला जात होता. तरीही अट कामाला येत होती, कारण तिच्या जोरावर फर्मला कर्मचाऱ्यांकडून दावे सोडवून घेता येत होते. चारी बाजूंनी खटले अंगावर येत असताना फर्मला त्याची निकड होती हे समजण्यासारखं आहे. पण तिची किंमत नोकरदारांनी का चुकवावी?

एडवर्ड्‌स यांची भीती अगदी ठोस होती. कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेचं कलम २८०२ सांगतं, की काम करताना कर्मचाऱ्याला जे नुकसान किंवा खर्च सोसावा लागेल तो मालकाने भरून द्यायचा. उद्या एखाद्या क्लायंटने अँडरसनच्या काळातल्या सल्ल्याबद्दल एडवर्ड्‌स यांच्यावरच दावा लावला, तर वकिलाचा खर्च आणि भरपाई कोण देणार? ‘कोणतेही आणि सर्व’ दावे सोडले, तर हे संरक्षणही गेलं असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी सही केली नाही. अँडरसनने त्यांना काढून टाकलं आणि नोकरी संपताना मिळणारी सेव्हरन्सची रक्कमही अडवली. एचएसबीसीने देकार मागे घेतला.

तीन प्रश्न, तीन उत्तरं

३० एप्रिल २००३ रोजी त्यांनी दावा दाखल केला. एचएसबीसी आणि तिच्या उपकंपनीशी तडजोड झाली, अँडरसनशी नाही. कनिष्ठ न्यायालयाने अँडरसनच्या बाजूने कौल दिला. बंधन अरुंद आहे, व्यवसाय करण्यापासून ते रोखत नाही, असं त्याचं म्हणणं. अपील न्यायालयाने हे फिरवलं आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. मुख्य निकालपत्र न्या. मिंग चिन यांनी लिहिलं.

पहिला प्रश्न नॉन-कॉम्पिटचा. कॅलिफोर्नियाच्या व्यवसाय संहितेचं कलम १६६०० म्हणतं, की कोणालाही कायदेशीर पेशा, धंदा किंवा व्यवसाय करण्यापासून रोखणारा प्रत्येक करार तेवढ्यापुरता शून्य, म्हणजे कायद्याने रद्दबातल, आहे. धंदा विकताना किंवा भागीदारी मोडताना केलेल्या करारांना त्यातून सूट आहे. नोकरीला नाही. तरी कॅलिफोर्नियासह काही राज्यांतली अपिलं ऐकणाऱ्या, संघराज्याच्या नवव्या सर्किट न्यायालयाने काही निकालांत एक फट पाडली होती. बंधन पुरेसं अरुंद असेल आणि माणसाला पेशा करण्यापासून पूर्ण रोखत नसेल, तर ते चालेल. अँडरसनने याच फटीत पाय रोवला होता. राज्याच्या न्यायालयाने ती बुजवली. विधिमंडळाला ‘वाजवी’ बंधनं चालवायची असती तर त्याने तसं कायद्यात लिहिलं असतं, असं ठाम कारण दिलं. एडवर्ड्‌स यांच्यावरची क्लायंटसंबंधीची बंधनं शून्य ठरली.

मला ही भूमिका न्याय्य वाटते. ‘अरुंद असेल तर चालेल’ या नियमात अरुंद म्हणजे किती हे न्यायालयात जाऊनच कळतं. त्याची किंमत मोजणं मोठ्या फर्मला शक्य असतं. पुढच्या महिन्याच्या घराच्या हप्त्याची काळजी असलेल्या माणसाला ते शक्य नसतं. तो न्यायालयात जातच नाही, अट पाळत बसतो.

दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा. शून्य असलेल्या अटीतून मोकळं करतो असं सांगून कर्मचाऱ्याकडून त्याबदल्यात काही मागणं हे स्वतंत्रपणे गैर आहे का? हा मुद्दा निर्णायक होता, कारण होऊ घातलेल्या आर्थिक संधीत, म्हणजे इथे एचएसबीसीच्या नोकरीत, हस्तक्षेप केल्याचा दावा जिंकायला मालकाचं कृत्य मुळात बेकायदा असावं लागतं. न्यायालयाने सांगितलं, होय, असा मोबदला मागणं गैर आहे. जे मालकाच्या हातात नाही ते ‘सोडून देण्याचा’ मोबदला तो घेऊ शकत नाही.

तिसऱ्या प्रश्नावर मात्र एडवर्ड्‌स यांची बाजू टिकली नाही. दावे सोडण्याचा तो कागद भरपाईचा हक्कही काढून घेत होता, म्हणून बेकायदा होता का? बहुमत म्हणालं, नाही. कलम २८०४ नुसार २८०२ चा हक्क सोडताच येत नाही. जे सोडता येत नाही ते ‘कोणतेही आणि सर्व’ मध्ये येत नाही असं वाचायचं. न्या. जॉइस केनार्ड यांनी न्या. कॅथरिन वेर्देगर यांच्या साथीने या मुद्द्यावर वेगळं मत नोंदवलं. बहुमताचं वाचन कायद्याच्या दृष्टीने तर्कशुद्ध असेल. पण सही मागितली जाते त्या दिवशी कर्मचाऱ्यासमोर कामगार संहिता उघडी नसते. ‘सर्व’ लिहिलं असेल तर तो सर्वच समजणार. इथे निकालाने नोकरदाराला अर्ध्या वाटेवर सोडलं, असं मला वाटतं.

दोन गोष्टी न्यायालयाने मुद्दाम बाजूला ठेवल्या. सहकाऱ्यांना न फोडण्याच्या अटीला एडवर्ड्‌स यांनी आव्हानच दिलं नव्हतं, त्यामुळे तिचा निर्णय झाला नाही. व्यापारी गुपितांना मिळणारं संरक्षणही शाबूत राहिलं. कॅलिफोर्नियातसुद्धा क्लायंटची गोपनीय फाईल पेनड्राइव्हवर घेऊन बाहेर पडण्याची मुभा कोणालाच नाही.

तोच पेशा, तेच अठरा महिने, पण बफेलो

अमेरिकेत नोकरीचे करार मुख्यतः राज्याच्या कायद्यावर चालतात, म्हणून देशाच्या दुसऱ्या टोकाचा एक निकाल शेजारी ठेवला, की फरक डोळ्यांत भरतो. १९९९ चा ‘बीडीओ सीडमन विरुद्ध हर्शबर्ग’ हा खटला न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरातला. इथेही अकाउंटिंग फर्म (बीडीओ सीडमन), इथेही मॅनेजर (हर्शबर्ग), इथेही अठरा महिने. अट अशी, की फर्म सोडल्यावर अठरा महिन्यांत बफेलो कार्यालयाच्या क्लायंटचं काम घेतलं, तर त्या क्लायंटकडून फर्मने आधीच्या वर्षी घेतलेल्या फीच्या दीडपट रक्कम फर्मला द्यायची.

न्यूयॉर्कच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने अट पूर्ण उडवली नाही. मालकाच्या रास्त हितासाठी जेवढी लागते तेवढीच आहे का, नोकरावर अवास्तव बोजा टाकते का, जनतेचं नुकसान करते का, अशा कसोट्यांवर ती तोलली. जे क्लायंट त्याने स्वतःच्या ओळखीने आणले होते आणि ज्यांचं काम त्याने फर्ममध्ये कधी केलंच नव्हतं, त्यांच्यापुरती अट रद्द झाली. फर्मच्या खर्चाने ज्यांच्याशी त्याची ओळख वाढली, त्यांच्यापुरती ती टिकली. न्यायालयाने कात्री लावून करार अंगाला बेतला.

याच मोजमापाने एडवर्ड्‌स यांना एकेका क्लायंटसाठी भांडावं लागलं असतं.

एकाच मसुद्याची दोन लेकरं

आता जो धागा सांगायचा आहे तो आपल्यासाठी फार जवळचा आहे. डेव्हिड डडली फील्ड या न्यूयॉर्कच्या वकिलाने एकोणिसाव्या शतकात आपल्या राज्यासाठी दिवाणी संहितेचा मसुदा तयार केला. न्यूयॉर्कने तो स्वीकारला नाही. पण १८७२ मध्ये कॅलिफोर्नियाने तो आपल्या दिवाणी संहितेसाठी घेतला, आणि व्यवसायावरच्या बंधनांचं कलम त्यातूनच आलं. त्याच वर्षी हिंदुस्थानात भारतीय करार अधिनियम लागू झाला. त्याच्या कलम २७ ला याच मसुद्याचा आधार होता. म्हणून कॅलिफोर्नियाचं कलम १६६०० आणि आपलं कलम २७ यांची भाषा इतकी सारखी आहे. मुंबई-पुण्यात ऑफर लेटरमध्ये ‘नोकरी सोडल्यावर एक वर्ष स्पर्धक कंपनीत जाणार नाही’ अशी ओळ वाचून ज्यांची झोप उडते, त्यांनी हे लक्षात ठेवावं. नोकरी संपल्यानंतर लागू होणारी अशी अट आपल्याकडेही सहसा टिकत नाही. २००६ मध्ये श्रीरामपूरचा वेगवान गोलंदाज झहीर खान आणि त्याचे जाहिरातींचे करार सांभाळणारी ‘पर्सेप्ट डी’मार्क’ ही कंपनी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच रेघ ओढली. कराराची मुदत संपल्यावर त्याला बांधून ठेवू पाहणारी अट कलम २७ मध्ये अडकली.

नोकरी चालू असतानाची बंधनं मात्र निराळी, आणि इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमध्ये टायरला लागणाऱ्या धाग्याचं तंत्र हॉलंड आणि पश्चिम जर्मनीच्या कंपन्यांकडून आणलं होतं. तिथल्या एका शिफ्ट सुपरवायझरने पाच वर्षांच्या करारावर सही केली आणि १९६४ मध्ये, मुदत संपायच्या कितीतरी आधी, जास्त पगारावर कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये नोकरी धरली. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला दिलेला मनाई हुकूम कायम ठेवला. कारण ते बंधन पाच वर्षांच्या उरलेल्या काळापुरतं आणि त्याच प्रकारच्या कामापुरतं होतं. मुदतीनंतर ‘जन्मभर जाऊ नका’ असा त्याचा अर्थ नव्हता. एचआरचे लोक हा निकाल पुढे करतात तेव्हा ही मर्यादा सांगत नाहीत. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याचा बाँडही सर्वोच्च न्यायालयाने वैध धरला. बाँड आणि नॉन-कॉम्पिट एकाच पिशवीत टाकू नयेत. बाँडमध्ये नोकरी सोडण्याची किंमत असते, दुसरीकडे जाण्याची बंदी नसते.

निकालानंतर

२००८ नंतरही कॅलिफोर्नियातल्या अनेक कंपन्यांच्या छापील करारांत ही शून्य अट तशीच राहिली. काढली नाही म्हणून सहसा कोणी शिक्षा करत नाही आणि ठेवली तर लोक घाबरतात, मग कोण कशाला काढेल? शेवटी विधिमंडळाला पुन्हा हात घालावा लागला. १ जानेवारी २०२४ पासून दोन बदल लागू झाले. करार कुठेही आणि कधीही झालेला असो, अशी अट कॅलिफोर्नियात शून्य, आणि ती लावू पाहणाऱ्या मालकावर कर्मचारी दावा करून वकिलाचा खर्चही मागू शकतो. शिवाय आजी कर्मचाऱ्यांना आणि १ जानेवारी २०२२ नंतर कामावर असलेल्या माजी कर्मचाऱ्यांना, ‘तुमच्या करारातली ती अट शून्य आहे’ असं १४ फेब्रुवारी २०२४ पर्यंत लेखी कळवणं मालकांना बंधनकारक झालं. कलम १६६०० एडवर्ड्‌स निकालाप्रमाणे व्यापक वाचावं असं आता कायद्यातच लिहिलेलं आहे.

देशभराचा एकच नियम मात्र झाला नाही. संघीय व्यापार आयोगाने एप्रिल २०२४ मध्ये जवळजवळ सर्व नॉन-कॉम्पिटवर बंदी आणणारा नियम केला, पण ऑगस्टमध्ये टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने तो लागू होण्याआधीच रद्द केला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने अपील सोडून दिलं. मिनेसोटाने १ जुलै २०२३ पासूनच्या करारांत नॉन-कॉम्पिटला बंदी केली आहे. फ्लोरिडाने २०२५ मध्ये उलटी दिशा धरली आणि जास्त पगाराच्या लोकांवर चार वर्षांपर्यंतचं बंधन घालायला मालकांना बळ दिलं.

एच-१बी व्हिसावर असलेल्यांसाठी एक बाब वेगळी सांगावी लागते. मुदतीआधी नोकरी सोडली म्हणून दंड आकारणं संघीय नियमांनुसार मालकाला निषिद्ध आहे. खऱ्या नुकसानीचा आधीच ठरवलेला वाजवी अंदाज मात्र वसूल करता येतो, आणि मागितलेली रक्कम दंड आहे की असा अंदाज, हे पुन्हा राज्याच्या कायद्यावर ठरतं. त्यामुळे टेक्सासमधल्या डॅलसमध्ये सही करून कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला जाणाऱ्याने कराराच्या शेवटच्या पानावरचं ‘कोणत्या राज्याचा कायदा लागू’ हे कलम आधी पाहावं. १ जानेवारी २०१७ पासून झालेल्या करारांत, मुख्यतः कॅलिफोर्नियात राहून काम करणाऱ्याला परराज्याचा कायदा किंवा न्यायालय लादणारं कलम झुगारता येतं. पण सही करताना स्वतःचा वकील लावून त्याने ते कलम ठरवलेलं असेल, तर ही सवलत मिळत नाही.

आणि सुटका देणारा कागद समोर आला, तर त्यात काय सोडलं जातंय ते ओळीओळीने वाचावं. भरपाईचा हक्क शाबूत आहे, हे त्याच कागदावर लिहून मागावं. एडवर्ड्‌स यांच्या समाप्ती करारात ती एक ओळ असती, तर भरपाईच्या हक्कावरून एवढं भांडावंच लागलं नसतं.